इमारतीचा सातबारा

शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत तयार झालेला एखादा फ्रिज घरी आला, की त्याच्या मागल्या अंगाला चिकटवलेली एक लहानशी पट्टी आपल्या नजरेस पडते. त्या पट्टीवर एक क्रमांक असतो. फ्रिज बिघडला, की दुरुस्ती करणारा प्रथम तो क्रमांक विचारतो. कारण आत कोणता कॉम्प्रेसर आणि कोणते सुटे भाग बसवले आहेत, हे त्यावरून त्याला कळते. काही हजार रुपयांच्या वस्तूची ही काळजी! आता त्याच वसाहतीपासून थोड्या अंतरावरच्या एखाद्या गावात, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेल्या शाळेपाशी उभे राहावे आणि विचारावे, की या वर्गाच्या छतात किती जाडीच्या सळया आहेत, पाया किती खोल गेला आहे, भिंतीतून विजेची तार कोठून कोठे नेली आहे? मुख्याध्यापक सज्जनपणे सांगतील, की हे आपणांस ठाऊक नाही. ग्रामपंचायतीकडे चौकशी केली तर ती पंचायत समितीकडे बोट दाखवील, आणि तेथे जुनी दप्तरे चाळणारा कोणी भेटलाच तर काम कोणी घेतले होते आणि बिल किती निघाले होते, एवढे फार तर समजेल. ज्या छताखाली शे-दीडशे मुले रोज सहा तास बसतात, त्या छताच्या पोटात काय आहे, हे खात्रीने सांगू शकणारा माणूस बहुधा गावात नसतो.

हा कोणा एका खात्याचा दोष नव्हे. कागदपत्रे होतच नाहीत, असेही नाही. अंदाजपत्रक होते, नकाशा होतो, निविदा निघते, मोजमाप पुस्तिका भरली जाते आणि शेवटी पूर्णत्वाचा दाखलाही मिळतो. पण यांतील प्रत्येक कागद वेगळ्या हाताने, वेगळ्या हेतूने आणि वेगळ्या वेळी तयार होतो व वेगळ्या कपाटात जाऊन पडतो. नकाशात खिडकी एका जागी असते; प्रत्यक्षात ती दोन फूट सरकलेली असते. सरकवण्याचे कारण योग्यच असेल. पण ते मिस्त्रीच्या आणि शाखा अभियंत्याच्या डोक्यात राहते. मिस्त्री दुसऱ्या कामावर जातो, अभियंत्याची बदली होते आणि इमारत आपली स्मृती गमावून बसते.

स्मृती गमावल्याची किंमत

या विस्मरणाने काय होते, याचे एक उदाहरण पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. १ आणि २ ऑक्टोबर २०२२ यांच्या मधल्या रात्री पुण्याच्या चांदणी चौकातील जुना पूल सुरुंग लावून पाडण्यात आला. सुमारे ६०० किलो स्फोटके वापरली होती. स्फोट झाला, धुरळा उठला. पण पूल अपेक्षेप्रमाणे पुरता कोसळला नाही. त्याचा सांगाडा उभाच राहिला आणि उरलेले काम यंत्रे लावून करावे लागले. पुलात अपेक्षेपेक्षा अधिक पोलाद निघाले, असे पाडकाम करणाऱ्यांनी तेव्हा सांगितले. पूल मजबूत बांधला होता, ही ज्याने तो बांधला त्याच्या प्रामाणिकपणाची पावतीच म्हणायची. परंतु प्रश्न निराळाच आहे. त्यात किती पोलाद आहे, याचा नेमका अंदाज पाडणाऱ्यांच्या हाती स्फोटापूर्वी का नसावा?

चांदणी चौकात सुदैवाने हसण्यावारी नेण्याजोगा प्रसंग घडला. सगळीकडे तसे होत नाही. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांना लागून असलेल्या, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, निंबोडी येथे ऑगस्ट २०१७ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत कोसळले आणि तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. अशी घटना घडली की इमारतींच्या तपासणीचे आदेश निघतात. तपासणी हवीच, पण तपासणारा अभियंता येतो तेव्हा त्याच्यासमोर नोंद नसेल, तर त्याला भिंतीवर हातोडा ठोकून आणि भेगा मोजून अंदाज बांधावा लागतो. रोग्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसलेल्या डॉक्टरसारखी त्याची स्थिती होते.

दौंडकरांना पाण्याचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा पुणे शहर ओलांडून दौंड आणि इंदापूर तालुक्यांना पाणी देतो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ या कालव्याची भिंत फुटली आणि वस्तीत पाणी शिरून शेकडो संसार उघड्यावर आले. घुशी, उंदीर आणि खेकडे यांनी भराव पोखरल्याचे कारण त्या वेळी जलसंपदामंत्र्यांनी सांगितले. कालव्यालगत टाकलेल्या केबलींचीही चर्चा झाली. खरे कारण कोणतेही असो. भरावात कोणी, कधी, काय पुरले याची एकत्र नोंद असती, तर ही चर्चा फुटीनंतर नव्हे, फुटीपूर्वी झाली असती.

नवी पद्धत म्हणजे काय?

या दुखण्यावर बांधकामाच्या जगात गेली काही दशके एक उपाय आकार घेत आहे. त्याला ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ म्हणतात. मराठीत त्याला इमारतीचे माहितीपूर्ण प्रतिमान म्हणता येईल. अभियंते त्याचा उल्लेख थोडक्यात ‘बिम’ असा करतात. आपल्याकडच्या गवंड्याला बीम म्हणजे तुळई एवढेच ठाऊक असल्याने या नावाने घोटाळा होण्याचा संभव आहे. म्हणून आपण या लेखापुरते त्यास ‘प्रतिमान’ म्हणू.

संगणकाच्या पडद्यावर इमारतीचे फिरते, रंगीत चित्र दिसते म्हणजेच हे प्रतिमान, असा समज पुष्कळांचा आहे. तो बरोबर नाही. सदनिका विकणाऱ्यांच्या कार्यालयातही असली चित्रे दिसतात. चित्र आणि प्रतिमान यांत भेद आहे तो माहितीचा. नकाशात दरवाजा म्हणजे दोन रेघा आणि एक कमान. प्रतिमानात दरवाजा हा दरवाजा असतो: त्याची रुंदी, उंची, लाकूड की लोखंड, किंमत, तो कधी बसवायचा आणि कोणी पुरवला, हे सारे त्या एका वस्तूला चिकटलेले असते. दरवाजा सरकवला, की तळनकाशा, छेद, दर्शनी बाजू आणि वस्तूंची यादी या सर्वांत तो आपोआप सरकतो. एका कागदावर बदल झाला आणि दुसऱ्यावर राहून गेला, असे होत नाही.

एक साधे गणित पाहू. एका शाळेच्या इमारतीत २३० बाय ४५० मिलिमीटर मापाचे आणि तीन मीटर उंचीचे १२ कॉलम आहेत. त्यांना सुमारे ३.७ घनमीटर काँक्रीट लागेल. काम सुरू होण्याच्या सुमारास ठरले, की खोल्या हवेशीर व्हाव्यात म्हणून उंची ३० सेंटिमीटरनी वाढवावी. आता काँक्रीट सुमारे ४.१ घनमीटर लागेल. सळया वाढतील, भिंतींच्या विटा, गिलावा आणि रंग वाढेल, जिन्याला पायऱ्या वाढतील. प्रचलित रीतीत ही प्रत्येक वाढ कोणीतरी स्वतंत्रपणे मोजतो, एखादी विसरतो, आणि मग ‘वाढीव काम’ नावाचे प्रकरण उभे राहते. प्रतिमानात उंचीचा एक आकडा बदलला की हे सारे आकडे एकत्र बदलतात. निर्णय घेणाऱ्याला आपल्या निर्णयाची किंमत निर्णयापूर्वीच दिसते.

दुसरा लाभ संघर्ष टाळण्याचा. वास्तुविशारद, संरचना अभियंता, विजेचे आणि नळाचे काम करणारे हे सगळे आपापला नकाशा काढतात. सांडपाण्याची नळी नेमकी तुळईतून जाणार आहे, हे तुळई ओतून झाल्यावर कळते. मग छिन्नी-हातोडा घेऊन तुळई फोडली जाते आणि तिची ताकद तेवढी कमी होते. सर्वांचे काम एकाच प्रतिमानात एकत्र केले, तर ही टक्कर पडद्यावरच दिसते. सिमेंट ओतण्यापूर्वी एक रेघ खोडणे स्वस्त असते. ओतल्यानंतर तीच चूक निस्तरणे महाग आणि पुष्कळदा धोक्याचे असते.

कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतील प्राध्यापक चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ साली, इमारतीच्या रचनेसाठी रेखाचित्रांऐवजी संगणकाचा उपयोग करावा, असा विचार मांडला होता. संगणक तेव्हा कपाटाएवढे होते आणि विचार काळाच्या पुढे होता. पुढे संगणक स्वस्त झाले आणि विचाराला हातपाय फुटले. ब्रिटिश सरकारने २०११ साली धोरण जाहीर करून एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना ही पद्धत आवश्यक केली. या माहितीची व्यवस्था कशी ठेवावी, याचे आंतरराष्ट्रीय मानकही २०१८ साली आले.

नागपूरचा धडा

हे सारे परदेशातले, आपल्याला त्याचे काय, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण नागपूरच्या मेट्रोने घालून दिले. मार्च २०१९ मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला. हे काम करताना महाराष्ट्र मेट्रो रेल महामंडळाने ज्याला ‘पंचमिती’ म्हणतात ती पद्धत अवलंबिली. लांबी, रुंदी आणि उंची या तीन मिती. वेळ ही चौथी आणि खर्च ही पाचवी. एखादा खांब कोठे आहे एवढेच नव्हे, तर तो कोणत्या तारखेला उभा राहायचा आणि त्यावर किती पैसे पडायचे, हेही त्याच प्रतिमानाशी जोडलेले. याच महामंडळाने पुण्याच्या मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गिका बांधल्या. त्यांच्या चांदणी चौक आणि वाघोलीपर्यंतच्या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. वाघोली म्हणजे शिरूरच्या वाटेवरचा पहिला मोठा मुक्काम. त्यापुढे पुणे ते शिरूर असा उन्नत मार्ग बांधण्याचेही राज्य शासनाने ठरविले आहे. म्हणजे ही नवी विद्या नगर रस्त्याने आपल्या दारापर्यंत येऊन ठेपण्याची चिन्हे आहेत.

पण आमची चिंता इथेच सुरू होते. मेट्रो आणि उन्नत मार्ग यांना हजारो कोटी मिळतात. त्यांना तज्ज्ञ मिळतील, संगणक मिळतील, प्रतिमानही मिळेल. त्या मार्गाखालून सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुलीच्या वर्गखोलीला काय मिळणार? भीमा आणि घोड या नद्यांच्या काठची गावे, चारीवरचे छोटे पूल, प्राथमिक आरोग्य केंद्रे, पाण्याच्या टाक्या यांना कोण पुसणार? मोठ्या कामांना स्मृती आणि लहान कामांना विस्मृती, अशी वाटणी झाली, तर ती न्यायाची होणार नाही. कारण बहुसंख्य माणसांचे आयुष्य लहान कामांच्या छताखालीच जाते.

खर्चाचा आक्षेप

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येईल, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. या कामाच्या संगणक-प्रणाली महाग असतात, चांगला संगणक लागतो, शिकलेली माणसे लागतात. दहा-पंधरा लाखांची कामे घेणाऱ्या तालुक्यातल्या ठेकेदाराला हे परवडणार नाही. उद्या शासनाने ‘प्रतिमान सादर करा’ अशी अट निविदेत घातली, तर छोटे ठेकेदार बाजूला पडतील, शहरातील बड्या कंपन्या कामे घेतील आणि तेच काम पुन्हा याच छोट्यांना पोटठेक्याने देतील. शिवाय कोणीतरी पुण्यात बसून दहा इमारतींसाठी एकच प्रतिमान नाव बदलून विकील. अटीचे पालन होईल, हेतू मरेल.

म्हणून प्रारंभ यंत्रापासून नव्हे, शिस्तीपासून केला पाहिजे. याचा धडा दौंडमध्येच आहे. १८५८ साली पुण्याहून पुढे दिक्सळपर्यंत लोहमार्ग गेला, आणि पुढे दौंड हे मोठे जंक्शन झाले. रेल्वेच्या प्रत्येक पुलाला, मग तो ओढ्यावरची लहानशी मोरी का असेना, एक क्रमांक असतो. तो पुलावर रंगवलेला असतो. आणि त्या क्रमांकाची नोंद पुलांच्या नोंदवहीत असते. ठरल्या वेळी तपासणी होते, आढळलेला दोष लिहिला जातो आणि पुढच्या तपासणीत तो पुन्हा पाहिला जातो. हे सारे संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून, दौत-टाकाने चालत आले आहे. नव्या प्रतिमानाचा आत्मा हाच आहे: प्रत्येक वस्तूला ओळख, प्रत्येक बदलाची नोंद आणि ती नोंद पुढच्या माणसाच्या हाती. जे रेल्वेला मोरीसाठी जमले, ते जिल्हा परिषदेला शाळेसाठी जमू नये काय?

ग्रामीण वाचकाला ही कल्पना सांगायला खरे तर नवा शब्दही नको. आपल्याकडे जमिनीचा सातबारा आहे. मालक कोण, क्षेत्र किती, पीक कोणते, बोजा कोणाचा, हे त्यात कळते. आणि काही बदलले तर फेरफार होतो. इमारतीची नमुना आठवर कर आकारण्यापुरती नोंद असते. पण तिच्या पोटातला सातबारा कोणी ठेवत नाही. प्रतिमान म्हणजे इमारतीचा सातबारा, आणि भिंत पाडली, मजला चढवला, तार बदलली की होणारा फेरफार.

सातबाऱ्याच्या संगणकीकरणाने आणखी एक गोष्ट आपल्याला शिकवली आहे. जुन्या नोंदी संगणकात भरताना चुका झाल्या; त्या दुरुस्त करण्यासाठी गावोगाव चावडी वाचन घ्यावे लागले. संगणक खरे-खोटे ठरवीत नाही, त्याला जे सांगितले तेच तो जपून ठेवतो. प्रतिमानात १२ मिलिमीटरची सळई लिहिली आणि छतात १० मिलिमीटरची घातली, तर प्रत्येक सळईमागे पोलादाचा छेद जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. प्रतिमान मात्र १२ च दाखवीत राहते, आणि तेही अधिक रुबाबात. कागदावरची लबाडी निदान पिवळी पडते. पडद्यावरची लबाडी सदैव ताजी दिसते. म्हणून स्लॅब ओतण्यापूर्वी बांधलेल्या सळयांची छायाचित्रे, मोजपट्टी शेजारी ठेवून, तारखेसह नोंदीला जोडणे, ही साधी गोष्ट आम्हांला पडद्यावरच्या सुंदर चित्रापेक्षा मोलाची वाटते. आज खेड्यातही प्रत्येक सुपरवायझरच्या खिशात कॅमेरा आहे.

काय करता येईल?

तीन गोष्टी तालुक्याच्या पातळीवर आजही शक्य आहेत. पहिली, प्रत्येक नव्या सार्वजनिक इमारतीला आणि पुलाला एक क्रमांक द्यावा, तो दर्शनी जागी रंगवावा आणि त्या क्रमांकाखाली ‘ठरले होते तसे’ नव्हे, तर ‘झाले तसे’ नकाशे, मापे व छायाचित्रे ठेवावीत. ती हाती आल्याखेरीज शेवटचे बिल देऊ नये. दुसरी, ही नोंद ग्रामपंचायतीत आणि शाळेत उपलब्ध असावी आणि काम संपल्यावर ग्रामसभेत तिचे एकदा जाहीर वाचन व्हावे. कॉलम बारा की दहा, हे मोजायला पदवी लागत नाही. तिसरी, पूर्ण प्रतिमान एखाद्या निवडक कामापासून सुरू करावे: तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा मोठी शाळा. त्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा, ठेकेदाराच्या माथी मारू नये. आणि ते प्रतिमान खुल्या स्वरूपात असावे. कोणत्याही एका कंपनीच्या प्रणालीवाचून उघडणार नाही, अशी नोंद तीस वर्षांनी कंपनी बंद पडली की कुलूपबंद होते. ‘आयएफसी’ नावाचे खुले स्वरूप यासाठीच आहे आणि २०१३ पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. सरकारी पैशाने तयार झालेली स्मृती सरकारच्या आणि लोकांच्याच मालकीची राहिली पाहिजे.

उरतो प्रश्न माणसांचा. नकाशे काढणाऱ्या आरेखकांची नोकरी या विद्येने जाणार, अशी भीती आहे आणि ती अगदीच निराधार नाही. रेघा ओढण्याचे काम कमी होईलच. पण त्या जागी निराळे काम उभे राहणार आहे: जुन्या इमारती मोजणे, त्यांची प्रतिमाने तयार करणे, बदल नोंदवत राहणे. आयटीआयमध्ये आरेखन शिकणाऱ्या आणि तंत्रनिकेतनात स्थापत्याची पदविका घेणाऱ्या शिरूर-दौंडच्या मुलांनी हे काम का करू नये? त्यासाठी त्यांना पुण्यातल्या महागड्या वर्गांत पाठवण्याची गरज पडता कामा नये. मोफत मिळणाऱ्या प्रणालीही आहेत. आपल्याच शाळेची इमारत टेपने मोजून तिचे प्रतिमान करणे, हा विद्यार्थ्यांसाठी एक उत्तम प्रकल्प होईल आणि शाळेला तिचा पहिला सातबारा मिळेल. भूमितीच्या शिक्षकांनी मनावर घेतले, तर क्षेत्रफळ आणि घनफळाचा धडा फळ्यावरून भिंतीवर येईल.

नवे तंत्र आले की आपल्याकडे दोन प्रकारचे स्वागत होते. काही जण त्यास सर्व दुःखांवरचा उतारा मानतात. काही जण ते आपल्यासाठी नाहीच, असे ठरवून मोकळे होतात. दोन्ही वृत्ती सोयीच्या आहेत, कारण दोन्हींत स्वतः काही करावे लागत नाही. प्रतिमानाने भ्रष्टाचार संपणार नाही, सिमेंटमधली वाळू कमी होणार नाही, आणि अप्रामाणिक माणूस प्रामाणिक होणार नाही. ते फक्त एवढेच करील, की काय बांधले हे विसरू देणार नाही. पण एवढेही थोडे नाही. ज्या दिवशी एखाद्या वाडीवरची आई मुलाला शाळेत सोडताना वर पाहून विचारील, की हे छत कशाचे आहे, आणि तिला त्याचे खरे उत्तर त्याच जागी मिळेल, त्या दिवशी ही विद्या पुण्याहून आपल्या तालुक्यात आली, असे आम्ही समजू.